सेनामहाराजांची धोकटी

इटियाडोहाच्या धरणापासून उत्तरेला निघावे, गोंदिया, बालाघाट, मंडला मागे टाकावे, म्हणजे पुढे बांधवगड लागतो. आज लोक तिथे वाघ पाहायला जातात. आम्हां वारकऱ्यांना मात्र तो गड सेनामहाराजांचा. परंपरा सांगते की ते तिथल्या राजाचे न्हावी.

हल्ली पाते बोथट झाले की फेकून देतात. वस्तऱ्याचे तसे नव्हे. सहाणेवर पाणी घालून दोन्ही अंगे सारखी घासायची, मग चामड्यावर पाठ पुढे ठेवून फिरवायचा. धार पुढे गेली तर चामडेही चिरते नि धारही जाते. ओला राहिला की गंजतो, म्हणून पुसूनच धोकटीत ठेवायचा. राजाच्या गळ्याशी वस्तरा धरायचा, ही काय थट्टा आहे?

असा चोख माणूस एके दिवशी पूजेत रंगला आणि राजाचे बोलावणे राहून गेले. राजा संतापला. पुढची कथा महिपतीबुवांच्या १७६२ सालच्या भक्तविजयात आहे. पांडुरंगच सेनाचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून गेले. हजामत केली, तेल चोळले, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसली.

सेनामहाराजांना हे कळले तेव्हा काय झाले असेल! आपल्यापायी देवाला वस्तरा धरावा लागला, हे आम्हांला तर सोसले नसते. त्यांनी चाकरी सोडून पंढरीची वाट धरली. अभंगांत मात्र धोकटी बरोबर आली: आरसा विवेकाचा झाला, चिमटा वैराग्याचा. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही त्यांचे एक पद आहे. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते.