भावंडासकट शाळेत या!

ग्रॅज्युएशननंतर पुढे काय, याचं टेन्शन आलंय? ताराबाई मोडक १९१४ मध्ये बीए झाल्या. पण ज्या कामामुळे त्या आज ओळखल्या जातात, ते पन्नाशीनंतरचं. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! शिंपले, बिया, पानं ही खेळणी. त्यातूनच मोजणं, रंग, आकार शिकायचे. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरीच राहायच्या. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. ताई वर्गात, धाकटं शेजारी पाळणाघरात! पोरांना शिकायचंच नाही, असं कुणी म्हणालं तर तुम्ही एवढंच विचारा, घरी धाकट्याला कोण सांभाळतंय?