खिडकीतून बाहेर आलेला फोम आणि ऑटो बायर

मे महिन्यात बोरी अरबला टिनाच्या खोलीत बसून पाहा, म्हणजे कूलरभोवतीची फट का बुजवायची ते कळेल. हार्डवेअरच्या दुकानातून फोमचा कॅन आणला, फटीत मारला आणि तासाभरात तो इडलीसारखा फुगून चौकटीबाहेर आला. आता हा जास्तीचा फोम काढायचा कसा? त्याआधी तो बनवणाऱ्या माणसाची गोष्ट वाचा, उत्तर तिच्यातच आहे.

ऑटो बायर यांचा जन्म १९०२ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. औषधांच्या बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्यांचं नातं नव्हतं, आडनाव फक्त योगायोगाने सारखं. १९२४ मध्ये डॉक्टरेट आणि १९३४ मध्ये लेव्हरकुसेनच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. वय किती? फक्त ३१!

तेव्हा अमेरिकेत नायलॉन तयार झालं होतं आणि त्याचं पेटंट ड्यूपाँटकडे. त्यामुळे बायर यांना वेगळी वाट हवी होती. नायलॉन बनताना पाणी बाहेर पडतं. यांनी दोन रसायनं अशी जोडली की बाहेर काहीच पडत नाही. हे पॉलियुरेथेन, पेटंट १९३७ चं. सहकाऱ्यांना ही कल्पना फारशी पटली नव्हती.

पुढे १९४१ च्या सुमारास नमुन्यांमध्ये बुडबुडे यायला लागले. असं सांगतात की तपासणाऱ्याने शेरा मारला, नकली चीज बनवायला माल उत्तम आहे. बायर यांनी मात्र बुडबुड्यांचं कारण शोधलं. थोडासा ओलावा आयसोसायनेटला भेटला की कार्बन डायऑक्साइड निघतो. दोष होता, तोच फोम झाला.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. ही प्रयोगशाळा आय. जी. फार्बेनची होती, आणि याच कंपनीने आउशवित्झच्या कैद्यांना कारखान्यात राबवलं. बायर यांचं संशोधन थोर आहेच, पण ते कुठे झालं तेही लक्षात ठेवावं.

युद्धानंतर हाच फोम गाद्यांत, फ्रिजच्या भिंतींत, गाडीच्या सीटमध्ये शिरला. बायर १९८२ मध्ये गेले.

आता तुमची खिडकी. कॅनमधला फोम हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. ओला असताना पुसू नका, पसरतो आणि कातडीला असा चिकटतो की आठवडाभर निघत नाही, म्हणून हातमोजे घालाच. चौकटीवर ताजा ठिपका पडला तर अॅसिटोनने निघतो (आधी कोपऱ्यात थोडं लावून पाहा, रंग उडू शकतो, आणि जवळ विडी-काडी नको). एकदा वाळला की त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, मग अॅसिटोन काही करत नाही. फक्त पातं. रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी लांब पात्याच्या कटरने किंवा हॅक्सॉ ब्लेडने चौकटीला धरून सपाट कापा. ओढू नका, आतलाही निघून येतो. मग पॉलिश पेपर, तोंडाला मास्क. शेवटी पुट्टी किंवा रंग लावाच, नाहीतर उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको.