जोनाथन डंकन : काशीचा रेसिडेंट

काशीच्या संस्कृत पाठशाळेचा संस्थापक, एवढीच जोनाथन डंकन याची ओळख आपल्या वाङ्मयेतिहासात उरली आहे. ती अपुरी आहे. मनुष्याच्या विक्रयाविरुद्ध आणि बालहत्येविरुद्ध कायद्याचे शस्त्र उपसणाऱ्या कंपनीच्या पहिल्या अधिकाऱ्यांत त्याची गणना करावी लागते. आणि त्या शस्त्राची धार कोठे बोथट होती, हेही त्याच्याच चरित्रात दिसते.

डंकनचा जन्म स्कॉटलंडमध्ये १७५६ साली झाला. १७७२ मध्ये तो कलकत्त्यास आला. दिवाणी अदालतीच्या नियमांचा त्याने केलेला बंगाली अनुवाद १७८५ मध्ये छापला गेला. मुद्रित बंगाली गद्याच्या आरंभकाळातील ही कृती होय.

१७८७ मध्ये कॉर्नवॉलिसने त्याला काशीचा रेसिडेंट नेमले. नगराचे न्यायदान तेव्हा अली इब्राहीम खान या विद्वान मॅजिस्ट्रेटाकडे होते. (मराठ्यांच्या युद्धांचा आणि पानिपतचा फारसी वृत्तांत लिहिणारा हाच गृहस्थ, मराठी अभ्यासकांनी त्याची आठवण ठेवावयास हवी.) जौनपूरकडील राजकुमार रजपुतांत मुलींना जन्मतःच मारण्याची चाल असल्याचे डंकनच्या ध्यानी आले. त्याने शिक्षेआधी शास्त्राचा आधार घेतला. ब्रह्मवैवर्त पुराणातील निषेध पुढे ठेवून डिसेंबर १७८९ मध्ये त्याने त्या लोकांकडून लेखी करार घेतला. १७९१ मध्ये पाठशाळा निघाली, तीही हिंदू धर्मशास्त्र जाणणारे पंडित न्यायालयांना मिळावेत या हेतूने. शास्त्र आणि अदालत यांची ही सांगड डंकनच्या साऱ्या कारभाराचे मर्म आहे. १७९५ च्या एकविसाव्या रेग्युलेशनने ही हत्या खून ठरविली. परंतु घराच्या आत जन्मलेल्या मुलीची नोंद ठेवणारा कोणी नव्हता. चाल पुढील शतकातही चालूच राहिली. जन्माची नोंद आणि पोलिसांची देखरेख लागू करणारा कायदा १८७० मध्ये आला.

मलबारात १७९२ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीरनामा निघाला होता. मुले पळवून फ्रेंच बेटांकडे आणि डच वसाहतींकडे जाणाऱ्या जहाजांना विकली जात. त्या वर्षाअखेर डंकन तेथील संयुक्त आयोगात दाखल झाला. १७९५ च्या डिसेंबरात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. वसईचा तह, पेशव्यांचे पराधीन होणे, हे सारे त्याच्या कारकिर्दीत घडले. १८०८ मध्ये वॉकरने काठेवाडच्या जाडेजांकडून काशीसारखेच करार घेतले.

मात्र याच कारकिर्दीत, तेलिचेरीजवळच्या अंजरकंडी येथील कंपनीच्या मळ्यासाठी मर्डॉक ब्राउन यास स्थानिक गुलाम विकत घेण्याची परवानगी मुंबई सरकारने दिली. जाहीरनाम्याने समुद्रमार्गे होणारी विक्री रोखली; शेताशी बांधलेल्या पुलयांची दासता मात्र सरकारने स्वतः वापरली. डंकन ११ ऑगस्ट १८११ रोजी मुंबईत वारला. त्यानंतर काही महिन्यांतच उत्तर मलबारचा मॅजिस्ट्रेट थॉमस बेबर याने त्या मळ्यातून त्रावणकोराकडून पळवून आणलेली मुले सोडविली. ब्राउनने मुंबईच्या जुन्या परवानगीकडे बोट दाखविले. डंकनची बाजू मांडावयास डंकन नव्हता; असता तरी त्याने काय सांगितले असते, हे कल्पिणे अवघड आहे.

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करून वेस्ट इंडीज, केप आणि मॉरिशस येथे देखरेखीसाठी पगारी विशेष मॅजिस्ट्रेट नेमण्याची तरतूद केली, तेव्हा कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला. येथे १८४३ चा पाचवा कायदा झाला. गुलामावरील हक्क न्यायालयांनी मानू नये, असे त्याने सांगितले. त्यासाठी वेगळा अधिकारी नेमला नाही.

डंकनचे स्मारक मुंबईच्या सेंट थॉमस चर्चमध्ये आहे. काशी आणि काठेवाड येथील बालहत्येच्या निर्मूलनाचा उल्लेख त्यावर कोरलेला असून अंजरकंडीचे नाव तेथे नाही.