कैसरवर्थचे सेविकागृह

आधुनिक शुश्रूषेचा इतिहास बहुधा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून सांगितला जातो. परंतु त्या स्वतः १८५१ साली ज्या ठिकाणी तीन महिने राहून रुग्णसेवा शिकल्या, ते ऱ्हाइन नदीकाठचे कैसरवर्थ आणि तेथील पाद्री थिओडोर फ्लीडनर यांचे स्मरण क्वचितच होते.

फ्लीडनर यांचा जन्म १८०० सालचा, एका पाद्र्याच्याच घरातला. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते कैसरवर्थला आले. गाव कॅथलिकांचे, त्यात मूठभर प्रॉटेस्टंट. या मंडळीचे पोट ज्या मखमलीच्या कारखान्यावर अवलंबून होते, तो फ्लीडनर येतात न येतात तोच बुडाला. चर्च जगवण्यासाठी तरुण पाद्र्याला झोळी घेऊन हॉलंड आणि इंग्लंड गाठावे लागले. वर्गणी मिळालीच, पण हॉलंडमधील मेनोनाइट पंथाच्या सेविका आणि लंडनच्या न्यूगेट तुरुंगात एलिझाबेथ फ्राय यांनी चालवलेले कार्य हीच त्या प्रवासाची खरी मिळकत ठरली. परतल्यावर १८२६ मध्ये त्यांनी कैद्यांसाठी एक संस्था काढली. १८३३ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या एका निराधार स्त्रीला त्यांच्या बागेतल्या चिमुकल्या खोलीत आसरा मिळाला.

त्या काळी इस्पितळातील पगारी सेवकवर्ग बहुधा अशिक्षित असे आणि त्याची अप्रतिष्ठाही मोठी होती. कॅथलिकांकडे जोगिणींचे संघ होते, प्रॉटेस्टंटांकडे तसे काहीच नव्हते. बायबलातील रोमकरांस पत्रात फीबी नावाच्या सेविकेचा उल्लेख आहे. त्या जुन्या पदाचे फ्लीडनर यांनी पुनरुज्जीवन केले आणि १८३६ च्या ऑक्टोबरात, पदरी पैसा नसताना घेतलेल्या घरात, मोडक्या सामानानिशी इस्पितळ उघडले. पहिली रुग्ण एक कॅथलिक मोलकरीण होती. पहिली डीकनेस, म्हणजे सेविका, गेर्ट्रूड राइखार्ट ही एका डॉक्टरची मुलगी. वडिलांच्या हाताखाली काम केलेली प्रौढ स्त्री.

आजन्म व्रताची अट त्यांनी घातली नाही, हे फ्लीडनर यांचे शहाणपण. सेविका पाच वर्षांसाठी बांधली जाई; विवाहासाठी किंवा वृद्ध आईबापांसाठी तिला परत जाता येई. डॉक्टर शिकवीत, संस्था अन्नवस्त्र देई आणि म्हातारपणाची काळजी घेई. विवाहित स्त्रियांसारखी टोपी असलेला गणवेश मिळाल्याने अविवाहित मुलगी रस्त्यातून मानाने वावरू शके. गरीब घरच्या मुलींना असे शिक्षण आणि अशी प्रतिष्ठा देणारी ठिकाणे त्या काळी फार थोडी होती. मात्र वेतन म्हणून हाती पडे तो केवळ हातखर्च, आणि आज्ञापालनाचा दंडक कडक होता. घराला मातृगृह म्हणत, पण अखेरचा शब्द पुरुषाचाच असे.

त्याची झळ सर्वाधिक लागली ती फ्लीडनर यांच्या पत्नी फ्रीडरिके यांना. संस्थेची पहिली व्यवस्थापिका त्याच होत्या. पती वर्गणीसाठी दौऱ्यावर असताना सेविका, रुग्ण आणि घरची मुले यांचा भार त्यांच्यावर पडे. त्यांची कित्येक मुले लहानपणीच गेली आणि १८४२ मध्ये प्रसूतीनंतर त्याही निवर्तल्या. चरित्रे बहुधा पतीच्या नावाने लिहिली जातात. या संस्थेचा पाया मात्र दोघांनी घातला होता.

पुढल्याच वर्षी फ्लीडनर यांनी कॅरोलिन बेर्टो यांच्याशी विवाह केला. त्यांना हॅम्बुर्गच्या इस्पितळातील कामाचा अनुभव होता. १८४९ मध्ये फ्लीडनर चार सेविकांना घेऊन अमेरिकेतील पिट्सबर्गला गेले. तेथे विल्यम पॅसावंट या लूथरन पाद्र्याने इस्पितळ उभारले होते. १८५१ मध्ये जेरुसलेम झाले. फ्लीडनर स्वतः प्रशियाच्या संयुक्त चर्चचे. पण कट्टर लूथरन मानले जाणारे विल्हेल्म लोहे यांनीही १८५४ मध्ये बव्हेरियातील नॉइएनडेटेल्साउ येथे सेविकांचे प्रशिक्षण सुरू केले.

नाइटिंगेल यांनी पुढे कैसरवर्थच्या स्वच्छतेविषयी आणि प्रत्यक्ष शुश्रूषेविषयी कठोर मत नोंदवले. तेथील सेवाभावाबद्दल मात्र त्यांना आदर होता. १८६० मध्ये लंडनला त्यांनी स्वतःचे विद्यालय काढले, तेव्हा शिक्षित परिचारिका ही कल्पना युरोपला नवी राहिली नव्हती.

फ्लीडनर १८६४ मध्ये वारले. कैसरवर्थची सूत्रे कॅरोलिन यांनी १८८३ पर्यंत सांभाळली.