निवडुंगाच्या माळावरचा कारखाना

आपल्या बालाघाट जिल्ह्यात जमिनीवर भात पिकतो आणि जमिनीखाली भरवेली-उकव्याचे मॅंगनीज, मलाजखंडचे तांबे सापडते. त्यामुळे उद्योगाने जमिनीकडून किती घ्यावे आणि परत काय द्यावे, हा प्रश्न आम्हां बालाघाटकरांना परका नाही. हल्ली याला शाश्वत विकास म्हणतात. हा शब्द येण्यापूर्वीच तो आचरणात आणणारे उद्योजक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्याने ती सोडावी लागली. मग यंत्रांची रेखाचित्रे शिकून ते शिक्षक झाले. हक्काची बढती नाकारली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि भावासोबत सायकलींचे दुकान चालवू लागले.

पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर विकले जाईनात, तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबरच कामगारांची घरे झाली. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांवर त्यांनी रात्रीचा पहारा सोपवला आणि त्या विश्वासाला तडा गेला नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांनी नांगर घडवले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांची वाडी आजही सांगली जिल्ह्यात नांदते आहे.

आमच्यापैकी कुणाची राईस मिल आहे, कुणाचे दुकान, कुणाची ठेकेदारी. यंदा हिशेबाची वही उघडताना नफ्याच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : कामगाराचे घर, विहिरीचे पाणी आणि शेताची माती. एवढी सद्बुद्धी गणरायाने आम्हां सर्वांना द्यावी.