पीयूषिकेचे कोडे उलगडणारा संशोधक

मधुमेह म्हटला की स्वादुपिंड आणि इन्शुलिन आठवते. मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचाही रक्तातील साखरेवर अंमल चालतो, हे परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यापासून मुंबईपर्यंत नियमित साखर तपासून घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? हे नाते प्रयोगांनी सिद्ध केले ते अर्जेंटिनाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. बर्नार्दो उसाय यांनी.

१० एप्रिल १८८७ रोजी ब्युनोस आयर्स येथे एका फ्रेंच स्थलांतरित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षीच औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळवणारे उसाय पुढे वैद्यकाकडे वळले आणि १९१९ मध्ये तेथील विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पीयूषिका काढून टाकलेले कुत्रे इन्शुलिनच्या अल्प मात्रेनेही कोसळतात, हे त्यांना १९२४ मध्ये आढळले. पुढे स्वादुपिंड काढलेल्या प्राण्याची पीयूषिकाही काढली असता त्याचा मधुमेह सौम्य होतो, असेही त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ, या ग्रंथीच्या अग्रभागातून इन्शुलिनला विरोध करणारे काही तरी स्रवत होते.

१९४३ मध्ये लोकशाहीची मागणी करणाऱ्या निवेदनावर सही केल्याबद्दल लष्करी राजवटीने त्यांना विद्यापीठातून बडतर्फ केले. परदेशी न जाता त्यांनी खासगी देणग्यांवर स्वतःची संशोधन संस्था उभारली आणि काम चालू ठेवले. १९४७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यासमवेत मिळाले. विद्यापीठाचे दरवाजे मात्र त्यांच्यासाठी १९५५ मध्येच पुन्हा उघडले. २१ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान १९४४ मध्ये ली आणि इव्हान्स यांनी बैलांच्या पीयूषिकेतून वृद्धी संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. उसाय यांना दिसलेल्या विरोधात या संप्रेरकाचा मोठा वाटा होता. उंची वाढणे थांबले तरी त्याचे काम संपत नाही; प्रौढ वयातही ते चरबी वितळवते, स्नायू राखते आणि इन्शुलिनला आवर घालते. ते कमी पडले तर पोटावर चरबी साठते; अति झाले तर हातपाय जाड होतात आणि मधुमेहही जडू शकतो. म्हणूनच तारुण्य टिकवण्याच्या हव्यासाने, तपासणीत कमतरता सिद्ध झालेली नसताना त्याची इंजेक्शने घेणे धोक्याचे ठरते. शरीराचा हा तोल किती नाजूक असतो, ते उसाय यांच्या प्रयोगांनी कधीच दाखवून दिले आहे.