मौनातील शुश्रूषा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा एक इराणी तरुण १९१४ च्या प्रारंभी एकाएकी भोवतालच्या जगास पारखा झाला. अन्न सुटले, झोप उडाली, नजर शून्यात लागली. पुढे भान परतू लागले, तेव्हा तो तासन्‌तास दगडावर कपाळ आपटीत बसे. आई शिरीनबाईंनी डॉक्टर केले, औषधे केली; गुण आला नाही. हा तरुण म्हणजे मेरवान शेरियार इराणी, अर्थात मेहेरबाबा. भक्त या अवस्थेचे मूळ हजरत बाबाजान यांच्या कृपेत पाहतात. आईला मात्र तेव्हा एवढेच दिसत होते, की हाताशी आलेला मुलगा स्वतःला इजा करून घेतो आहे आणि का, ते सांगू शकत नाही.

भाईंदरच्या केबिन रोडवरील एखाद्या छोट्या सदनिकेतही हे दृश्य अपरिचित नसेल. बौद्धिक दिव्यांग मूल वयाने वाढते, अंगात बळ येते. मग ते डोके आपटते, ओरडते, अंगावर धावून येते. शेजारी दार लावून घेतात. अशा वर्तनामागे दुखणे, भीती वा न सांगता आलेली गरज असू शकते आणि आधी तिचा शोध घ्यावा, असे आजचे तज्ज्ञ मानतात. शिरीनबाईंच्या काळी हे सांगणारे कोण होते?

साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात मेरवान हळूहळू व्यवहारात परतले. १९२३ मध्ये ते अहमदनगरजवळ अरणगावी आले. तेथेच मेहेराबाद वसले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले, ते अखेरपर्यंत. अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून ते बोलत. १९५४ मध्ये तीही सोडली आणि केवळ खुणा उरल्या.

१९३६ मध्ये त्यांनी राहुरीस वेड्यांसाठी आश्रम काढला. त्या काळी ‘वेडा’ या एका शब्दात मनोरुग्ण, मतिमंद, ईश्वरवेडे सारेच कोंबले जात. रस्त्यावर भटकणारी, मळाने माखलेली माणसे तेथे आणली गेली. बाबा त्यांना स्वहस्ते स्नान घालीत, कपडे चढवीत, घास भरवीत. त्यांचे शौचकूपही स्वतः साफ करीत. अशा माणसांना शोधण्यात आणि सांभाळण्यात बैदुल या इराणी शिष्याचा हातखंडा होता. रोज तेच पाणी, तेच हात, तीच वेळ. बाबांचा हेतू आध्यात्मिक होता, उपचाराचा नव्हे. तेथे कोणी बरे झाले असा दावा करणे अप्रस्तुत ठरेल. आश्रमही राहुरीस फार काळ टिकला नाही. १९३७ मध्ये तो मेहेराबादेस हलला. पुढे बाबांनी देशभर हिंडून ‘मस्त’ म्हणविणाऱ्या अवलियांच्या भेटी घेतल्या. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरने त्यांची तपशीलवार नोंद ठेवली आणि ती १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

राहुरीच्या पर्वातलाच एक मोहम्मद. कोकणातला. कमरेत वाकून तो जमिनीवर काहीतरी शोधीत राही. त्याच्या लहरी सांभाळणे सोपे नव्हते. ३१ जानेवारी १९६९ रोजी बाबांचे देहावसान झाले. त्यानंतरही मोहम्मद मेहेराबादेतच राहिला, आणि त्याचे न्हाणे-खाणे तिथली माणसे कित्येक वर्षे करीत राहिली.